न धुतलेल्या कपड्यांची पेटी : पटकी, पलंगपोस आणि लिव्हरपूलची धुणावळ

१/ डिसेंबर १८३२. इंग्लंडमधील यॉर्क शहराजवळचे मूर मंक्टन हे लहानसे खेडे. तेथील जॉन बार्न्स या ३९ वर्षांच्या शेतमजुराच्या घरी लीड्सहून मालवाहू गाडीने एक पेटी आली. पंधरवड्यापूर्वी लीड्समध्ये त्याच्या नात्यातील एक स्त्री पटकीने वारली होती. तिला मूलबाळ नव्हते, म्हणून तिचे कपडे या गरीब कुटुंबाकडे पाठवण्यात आले. ते धुतलेले नव्हते. बार्न्सने संध्याकाळी पेटी उघडली आणि दुसऱ्याच दिवशी तो आजारी पडला.

२/ त्या दुखण्यातून तो उठला नाही. पाठोपाठ त्याची पत्नी आजारी पडली. तिची शुश्रूषा करण्यासाठी टॉकविथ गावाहून तिची आई आली. लेकीजवळ राहिली, तिचे कपडे आपल्या हाताने धुतले आणि परत निघाली. निघताना ती धडधाकट दिसत होती; वाटेतच कोसळली. तिला घरी नेऊन अंथरुणाला खिळलेल्या तिच्या पतीशेजारी ठेवण्यात आले. दोन दिवसांत ती, तिचा पती आणि घरातील दुसरी मुलगी असे तिघेही गेले.

३/ जॉन स्नो या लंडनच्या डॉक्टरांनी ही हकीकत १८५५ साली आपल्या पटकीविषयीच्या ग्रंथात नोंदवली. यॉर्कशायरमधील एका वैद्याकडून ती त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीटचा पाण्याचा पंप बंद करायला लावणारे स्नो सर्वांना ठाऊक आहेत. त्याच ग्रंथातील पलंगपोस, चादरी आणि अंगावरचे कपडे यांविषयीची पाने मात्र फारशी वाचली जात नाहीत. हा धागा त्या कापडांचा आहे.

४/ आधी रोगाचा प्रवास. १८१७ साली बंगालमधील जेसोर परिसरात पटकीची मोठी साथ उसळली. पुढच्याच वर्षी ती मुंबईपर्यंत पोहोचली. महाराष्ट्राच्या गावोगावी या रोगाला मरीआईचा कोप मानण्यात आले आणि तिचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडण्याची प्रथा दीर्घकाळ टिकली. १८३१ च्या शरद ऋतूत हाच रोग इंग्लंडच्या सुंदरलँड बंदरात उतरला. पुढच्या वर्षी तो लिव्हरपूलमध्ये होता.

५/ ब्रिटिश सरकार गाफील नव्हते. आरोग्यमंडळाने १८३१ मध्येच सूचना काढल्या होत्या : चिंध्या आणि जुने कपडे जाळावेत, वापरातील कपड्यांवर भरपूर पाणी ओतून ते तीव्र क्षाराच्या पाण्यात उकळावेत, भिंतींना चुना लावावा. कागदावर या सूचना उत्तमच होत्या. ज्यांच्यासाठी त्या काढल्या, त्यांच्याकडे कपडे उकळायला भांडे होते का, एवढा एक प्रश्न त्यात नव्हता.

६/ तेव्हाचे लिव्हरपूल म्हणजे कापसाच्या व्यापारावर श्रीमंत झालेले बंदर. त्याच शहरात हजारो माणसे तळघरांत आणि अरुंद चौकांभोवतीच्या कोंदट खोल्यांत राहत होती. एका खोलीत एक कुटुंब, कधी दोन. पाणी सामाईक नळावरून, तेही ठरलेल्या वेळेपुरते. कोळसा विकत घ्यावा लागे. ओले कापड वाळत घालायला अंगण नव्हते आणि गच्चीही नव्हती.

७/ अशा घरात अंगातला सदरा कसाबसा धुतला जाई. चादर, रजई, घोंगडी, गवताने भरलेली गादी यांची पाळी येतच नसे. चादर धुवायची तर ती वाळेपर्यंत पांघरायला दुसरी हवी. घोंगडी भिजवायची तर ती बुडेल एवढे भांडे हवे. ‘धुवायचे राहून गेलेले कापड’ हा प्रकार अनेकदा आळसाचा नसून भांडे, पाणी, जळण, जागा आणि दुसरा जोड यांच्या अभावाचा असतो. आजाऱ्याच्या खोलीत मात्र या अभावाची किंमत माणसे प्राणांनी मोजत होती.

८/ लिव्हरपूलच्या डेनिसन स्ट्रीटवर एका घरात पाणी तापवण्याचा मोठा हंडा होता. ते घर किटी विल्किन्सन यांचे. जन्म १७८६, आयर्लंडमधील डेरी येथे. लहानपणी कुटुंबासह लिव्हरपूलला येत असताना जहाजाला अपघात झाला आणि वडील व धाकटी बहीण बुडाली. अकरा-बारा वर्षांच्या वयात सूतगिरणीत उमेदवारी केली. पहिला पती खलाशी होता. तोही समुद्रात गेला. दुसरे पती टॉम विल्किन्सन गोदामात हमाली करीत.

९/ १८३२ साली साथ आली तेव्हा किटीबाईंनी आपले स्वयंपाकघर, अंगण आणि तो हंडा शेजाऱ्यांना खुला केला. आठवड्याला एक पेनी द्यावी, आपले कपडे आणि अंथरूण-पांघरूण आणावे, उकळत्या पाण्यात धुवावे, अंगणात वाळवावे. धुण्यात ब्लीचिंग पावडर, म्हणजे चुना व क्लोरीन यांचे चूर्ण, वापरले जाई. आजाऱ्यांच्या उशाशी बसून आलेली ही बाई त्यांच्याच चादरी हाताळत होती. तिला स्वतःला मात्र रोग झाला नाही.

१०/ यामागे रोगाचा कोणताही सिद्धान्त नव्हता. रोग सडक्या हवेतून आणि दुर्गंधीतून पसरतो, हेच त्या काळचे प्रचलित मत होते. किटीबाईंना दिसत होते ते इतकेच की स्वच्छ अंथरुणात आजारी माणसाची आणि त्याच्या घरच्यांची अवस्था बरी राहते. या व्यवहारी ज्ञानाने त्यांना उकळते पाणी आणि क्लोरीन यांपाशी आणले. पटकीच्या जंतूंविरुद्ध ही दोन्ही साधने आजही खात्रीची आहेत.

११/ या कामाचे मोल कळण्यासाठी त्याच वर्षीचे लिव्हरपूलचे रस्ते पाहावे लागतात. १८३२ च्या उन्हाळ्यात तेथे पटकीचे दंगे झाले. डॉक्टर रुग्णांना इस्पितळात नेऊन मारतात आणि प्रेते चिरफाडीसाठी वापरतात, अशी गरीब वस्त्यांत धास्ती होती. विच्छेदनासाठी प्रेते विकण्याकरिता माणसे मारणारे एडिंबरोचे बर्क आणि हेअर १८२८ साली उघडकीस आले होते, त्यामुळे ती धास्ती अगदीच निराधारही वाटत नसे. इस्पितळाची पालखी पाहून दगड उचलणारी वस्ती गल्लीतल्या बाईच्या हंड्यापाशी मात्र आपणहून चादरी घेऊन जात होती.

१२/ शहरातील एका सेवाभावी संस्थेने आणि रॅथबोन या व्यापारी घराण्याने या कामाला हातभार लावला. एका स्वयंपाकघरातली सोय सार्वजनिक व्हायला दहा वर्षे लागली. १८४२ साली लिव्हरपूलच्या अपर फ्रेडरिक स्ट्रीटवर नगरपालिकेची स्नानगृहे आणि धुणावळ सुरू झाली. ब्रिटनमधील ही पहिली सार्वजनिक धुणावळ मानली जाते. पुढे विल्किन्सन दांपत्यच तिची देखरेख करू लागले.

१३/ १८४६ साली ब्रिटिश संसदेने सार्वजनिक स्नानगृहे व धुणावळी यांचा कायदा केला. कराच्या पैशातून अशा इमारती बांधण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला. चादर धुणे ही तोवर घरातल्या बाईची खासगी कटकट होती. आता तिचा खर्च शहराच्या हिशेबात आला. त्याच वर्षी राणी व्हिक्टोरियाच्या वतीने किटीबाईंना चांदीची चहादाणी भेट देण्यात आली.

१४/ हे सारे घडले तरी चादरीत नेमके काय असते, ते कळलेले नव्हते. उत्तराची पहिली बाजू स्नो यांनी मांडली. पटकीच्या रुग्णाचे जुलाब तांदळाच्या धुवणासारखे असतात. त्यांना नेहमीचा रंग नसतो आणि वासही नसतो. खोलीत उजेड कमी. त्यामुळे भिजलेली चादर मळलेली वाटतच नाही. शुश्रूषा करणारीचे हात तिला लागतात, तेच हात पुढे भाकरीला लागतात आणि रोग पोटात जातो. डोळ्यांना आणि नाकाला फसवणारी ही घाण होती, म्हणून तर ती धुवायची राहून जात होती.

१५/ स्नो यांनी उपायही लिहिले. रुग्णाजवळ पाण्याचे भांडे व रुमाल ठेवावा आणि अन्नाला हात लावण्यापूर्वी हात धुवावेत. रुग्णाची चादर व कपडे काढताक्षणी पाण्यात बुडवून ठेवावेत आणि मग उकळावेत. वाळू दिल्यास त्यांची धूळ उडेल, अशी त्यांना भीती होती. जे अंथरूण धुता येत नाही, ते काही काळ पाण्याच्या उत्कलनबिंदूइतक्या किंवा त्याहून अधिक उष्णतेत ठेवावे. जंतू पाहिलेला नसताना दिलेला हा सल्ला होता.

१६/ दुसरी बाजू उलगडली ती रोग जिथून निघाला त्या बंगालमध्ये. १८८३ च्या अखेरीस जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख कलकत्त्यात आले. स्वल्पविरामाच्या आकाराचा तो जीवाणू इटलीच्या फिलिप्पो पाचिनी यांनी १८५४ मध्येच पाहिला होता, पण त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. कॉख यांनी तो वेगळा करून वाढवला आणि एक विलक्षण गोष्ट नोंदवली. रुग्णाच्या ओल्या, मळलेल्या कापडावर हा जीवाणू झपाट्याने वाढतो. पुरते वाळल्यावर काही तासांत मरतो. वाळलेल्या धुळीची स्नो यांची भीती अनाठायी होती आणि ओल्या बोळ्याचा धोका त्यांच्या कल्पनेहून मोठा होता.

१७/ वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक असलेली एक गोष्ट यातून उकलली : पटकीच्या साथीत धुणे धुणाऱ्या स्त्रियांनाच रोग इतक्या वेळा का होतो? कोपऱ्यात बोळा करून टाकलेली ओली चादर तासागणिक अधिक घातक होत होती आणि ती प्रथम उचलणारे हात धुणाऱ्या बाईचे होते. टॉकविथहून आलेल्या त्या आईच्या मरणाचा उलगडा असा अर्ध्या शतकानंतर झाला.

१८/ कलकत्त्याच्याच बेलियाघाटा भागात एका तळ्याभोवतीच्या वस्तीत पटकी पसरली. लोक त्या तळ्याचे पाणी प्यायला वापरत, त्यातच आंघोळ करत आणि कपडेही धूत. कॉख यांना त्या पाण्यात तो जीवाणू सापडला. चौकशीत कळले की तेथे पहिल्यांदा मरण पावलेल्या रुग्णाचे कपडे त्याच तळ्यात धुण्यात आले होते.

१९/ लिव्हरपूलचा हंडा आणि बेलियाघाट्याचे तळे शेजारी ठेवून पाहिले की या इतिहासातील कळीचा मुद्दा दिसतो. दोन्हीकडे माणसांनी मृत्यूच्या छायेत आपले कर्तव्य केले, कापड धुतले. एकीकडे उकळते पाणी, क्लोरीन आणि वेगळी जागा होती, तिथे धुणे औषध ठरले. दुसरीकडे धुण्याचे आणि पिण्याचे पाणी एकच होते, तिथे धुण्यानेच रोग घरोघर पोहोचवला. दोष धुणाऱ्यांचा नव्हता. त्यांना दुसरे पाणीच दिलेले नव्हते.

२०/ महाराष्ट्रात घट बसण्यापूर्वी घरातल्या सगळ्या गोधड्या, वाकळा, घोंगड्या, चादरी काढून धुण्याची रीत आहे. एरवी वर्षभर राहून जाणाऱ्या जड अंथरुणासाठी परंपरेने राखून ठेवलेला हा दिवस. पावसाळा सरलेला असतो, ऊन कडक असते, खडकांवर आणि कुंपणांवर गोधड्या खडखडीत वाळतात. रीत धार्मिक आहे. कॉख यांच्या नोंदीशेजारी ठेवली की तिच्यातल्या वाळवण्याचे महत्त्वही कळते. जिथे याच नदीचे पाणी खालच्या अंगाला कोणी भरत असेल, तिथे बेलियाघाट्याचे तळेही आठवावे लागते.

२१/ आणि एक प्रश्न उरतो : ही कापडे धुतली कोणी? मराठी गावगाड्यात परीट हा बलुतेदार होता. भट्टी लावून कपडे उकळण्याची विद्या त्याच्याकडे होती, पण त्याला मान कमी आणि मळ अधिक मिळाला. घरोघरी हे काम बायकांनी केले. साथींच्या इतिहासात डॉक्टरांची नावे नोंदली गेली. मूर मंक्टनमध्ये लेकीचे कपडे धुणाऱ्या त्या आईचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही.

२२/ किटी विल्किन्सन १८६० साली वारल्या. लिव्हरपूलच्या भव्य सेंट जॉर्जेस हॉलमध्ये राजकारणी, धर्मोपदेशक, अभियंते अशा थोर पुरुषांचे संगमरवरी पुतळे रांगेने उभे आहेत. २०१२ साली तेथे पहिल्यांदा एका स्त्रीचा पुतळा बसवण्यात आला. तो या धुणे धुणाऱ्या बाईंचा आहे.