मॉर्मन मंदिरातले विधी फ्रीमेसन लोकांकडून उचललेले आहेत का?

मॉर्मन पंथाच्या मंदिरात आत नेमकं काय चालतं, याबद्दल सोशल मीडियावर बरंच काही फिरत असतं. त्यातला एक दावा हमखास दिसतो: हे विधी फ्रीमेसन लोकांकडून चोरलेले आहेत. दावा अगदीच हवेतला नाही. पण 'चोरले' म्हटलं की विषय संपतो, असंही नाही.

फ्रीमेसनरी ही गवंड्यांच्या जुन्या संघांतून वाढलेली पुरुषांची बंधुसंघटना. मुंबईतही तिचा फ्रीमेसन्स हॉल आहे. मॉर्मन पंथ त्या मानाने नवा. जोसेफ स्मिथ यांनी तो १८३० मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात स्थापन केला.

आता तारखा बघा. १५ आणि १६ मार्च १८४२ या दोन दिवसांत स्मिथ इलिनॉय राज्यातल्या नॉवू गावी फ्रीमेसन झाले आणि थेट तिसऱ्या पायरीपर्यंत पोचले. त्यानंतर अवघ्या सात आठवड्यांनी, ४ मे रोजी, आपल्या दुकानाच्या माडीवर त्यांनी मोजक्या पुरुषांना 'एंडाउमेंट' हा विधी पहिल्यांदा दिला. हात धरण्याच्या ठराविक खुणा, कमरेचा एप्रन, नाट्यरूपात दिलेली शिकवण, गुप्ततेच्या शपथा, गुण्या आणि कंपासची चिन्हं. लॉजमध्ये बसलेल्या माणसाला हे ओळखू न येणं अवघडच.

आणि ते ओळखलं गेलंही. स्मिथ यांचे निकटचे सहकारी हिबर किंबल यांनी त्याच जूनमध्ये एका पत्रात हे साम्य उघडपणे लिहिलं. त्यांना त्यात फसवणूक दिसली नाही. स्मिथ यांचं म्हणणं असं, की मेसनरी ही प्राचीन पुरोहितपदातूनच निघाली, पण काळाच्या ओघात बिघडली. म्हणजे आपण नक्कल करत नसून मूळ रूप परत आणतोय. इतिहास मात्र याला साथ देत नाही. मेसनरीची मुळं सॉलोमन राजाच्या मंदिरापर्यंत जात नाहीत, ती मध्ययुगातल्या कारागिरांपाशी थांबतात.

तरी विधीचा गाभा वेगळा आहे, आणि व्हायरल पोस्टमध्ये नेमकं हेच सुटतं. मेसनरीचं नाट्य हिराम नावाच्या कारागिराच्या खुनाभोवती फिरतं, तर मॉर्मन विधी सृष्टीची निर्मिती, आदम-हव्वा आणि देवाकडे परतण्याची वाट सांगतो. लॉजमध्ये बायकांना जागा नव्हती, तर एंडाउमेंट १८४३ पासून त्यांनाही मिळू लागली. शिवाय स्नान आणि तेल लावण्याचे विधी मॉर्मन लोकांत १८३६ पासूनच होते, म्हणजे स्मिथ मेसन होण्याच्या सहा वर्षं आधी.

२७ जून १८४४ रोजी कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथ यांना ठार मारलं. मरताना त्यांच्या तोंडून निघालेले शब्द हे मेसन लोकांच्या संकटकाळच्या हाकेची सुरुवात होती, असं अनेक जण मानतात.

पुढे नात्यात कडवटपणाच आला. युटा राज्याच्या ग्रँड लॉजने १९२५ पासून मॉर्मनांना दारं बंद केली, ती १९८४ मध्ये उघडली. १९९० मध्ये चर्चने विधीत बदल केले आणि गुपित फोडल्यास काय शिक्षा भोगावी लागेल हे दाखवणारे हातवारे काढून टाकले. मेसनरीशी सर्वात जास्त साम्य असलेल्या भागांपैकी तो एक होता.