डायनामो गेला, नाव उरले

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने उत्तरेकडे निघाले की सोनगीर लागते. किल्ला आणि तांब्यापितळेची भांडी ही या गावाची ओळख. या रस्त्यावरच्या ट्रकचालकांना एक अनुभव नवा नाही. रात्रभर दिवे लावून गाडी नीट आली, चालक ढाब्यावर झोपला, आणि पहाटे सेल्फ मारला तर नुसता ‘कट’ असा आवाज! ‘बॅटरी गेली’ असा निर्णय होतो, नव्या बॅटऱ्यांचे पैसे मोजले जातात आणि चार दिवसांनी पुन्हा तीच गत. मग मिस्तरी म्हणतो, “डायनामो चार्जिंग करत नाही.” वास्तविक आजच्या ट्रकमध्ये डायनामो नसतो, अल्टरनेटर असतो. या जुन्या नावामागचा इतिहास समजला तर दोष शोधणे सोपे होते, असे आम्हाला वाटते.

प्रथम, दोष इतका उशिरा का कळतो? डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटते. त्यामुळे यांत्रिक पंपाचे जुने इंजिन एकदा सुरू झाले की विजेवाचूनही चालत राहते. पण सुरू होताना हवा दाबण्यासाठी बॅटरीतून काहीशे अँपिअर धारा खेचली जाते. प्रवासात रिकामी होत गेलेली बॅटरी उघडी पडते ती अशी, पहाटे.

आता इतिहासाकडे वळू. १८३१ साली फॅरेडेने विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. पुढच्याच वर्षी पॅरिसमधील हिपोलित पिक्सी याने स्थिर वेटोळ्यांजवळ चुंबक फिरवणारे जनित्र बनवले. त्यातून निघाली प्रत्यावर्ती धारा. त्या काळी तिचा उपयोग कोणाला दिसेना. म्हणून अँपिअरच्या सूचनेवरून पिक्सीने कम्यूटेटर बसवून ती एकाच दिशेने वाहती केली. १८५९ साली प्लांते याने पुन्हा भरता येणारी शिसे-आम्ल बॅटरी तयार केली. तिलाही एकाच दिशेची, म्हणजे दिष्ट धाराच लागते. त्यामुळे कम्यूटेटरचे महत्त्व टिकले.

१८६६च्या अखेरीस वेर्नर सीमेन्सने दाखवले की, लोखंडात उरलेल्या थोड्याशा चुंबकत्वावरून जनित्र स्वतःचे चुंबक स्वतःच बलवान करू शकते. हाच डायनामो. विसाव्या शतकात तो मोटारगाड्यांत आला. पण त्याची सगळी धारा फिरत्या कम्यूटेटरवरून आणि कार्बनच्या ब्रशांतून जाई. ठिणग्या पडत, झीज होई. फिरणारी जड वेटोळी फार वेगाने फिरवता येत नसत, म्हणून इंजिन मंद चालू असताना चार्जिंग जवळजवळ होत नसे. उलट, बॅटरीतली धारा डायनामोत परत जाऊ नये म्हणून ‘कट-आउट’ लावावा लागे.

सिलिकॉन डायोड स्वस्त झाल्यावर चित्र बदलले. १९६० साली क्रायस्लरने व्हॅलियंट मोटारीत अल्टरनेटर दिला. त्यात चुंबक फिरते आणि जाड वेटोळी स्थिर राहतात. म्हणजे मांडणी पुन्हा पिक्सीचीच! कम्यूटेटरचे काम आता डायोड करतात, आणि ब्रशांतून जाते ती चुंबकापुरती थोडीशी धारा.

प्रत्येक भाग एकेका जुन्या अडचणीचे उत्तर आहे. भाग बिघडला की ती अडचण परत येते. डायोड शॉर्ट झाला, की कट-आउट नसलेल्या डायनामोप्रमाणे उभ्या गाडीची बॅटरी रात्रीत उतरते. अवशिष्ट चुंबकत्वातून मिळणारे विभवांतर डायोड ओलांडायला अपुरे पडते. म्हणून अनेक अल्टरनेटरांत सुरुवातीची धारा डॅशबोर्डवरच्या तांबड्या दिव्यातून येते. तो बल्बच उडाला, तर चार्जिंग सुरूच होत नाही. चावी फिरवल्यावर दिवा लागतो ना, हे म्हणूनच आधी पाहावे.

नंतर व्होल्टमीटर घ्यावा. २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये भरलेल्या बॅटऱ्या विश्रांतीनंतर सुमारे २५.४ व्होल्ट दाखवतात; इंजिन चालू असताना २८च्या आसपास. आकडा वाढलाच नाही, तर पट्टा, ब्रश आणि रेग्युलेटर तपासावेत. ३०च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला समजावे. बॅटरीतले पाणी आटते तेही यामुळे. खानदेशातल्या उन्हाळ्यात तर लवकरच. अल्टरनेटरवर २८ आणि बॅटरीवर मात्र २६.५ असतील, तर दीड व्होल्ट वाटेत हरवतो आहे. धारा ३० अँपिअर असेल तर रोध फक्त ०.०५ ओहम! तो बहुधा सैल किंवा गंजलेल्या जोडात असतो. टर्मिनलवरचा हिरवट-निळा थर म्हणजे आम्ल आणि तांबे यांतून झालेले मोरचूद. सोनगीरच्या तांब्याच्या भांड्यांसारखीच टर्मिनलेही घासून लख्ख ठेवावी लागतात.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ ट्रकांत इंधनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक आहे. तिथे वीज संपली की इंजिनही थांबते. म्हणून हे ज्ञान जुने झालेले नाही. शिक्षकांनी ओहमचा नियम शिकवताना फळ्यावर ते ०.०५ ओहम मांडावे. एवढ्याशा रोधापायी नव्या बॅटऱ्यांचा खर्च कसा होतो, हे चालकाच्या मुलांना लगेच समजेल; आणि बदलण्याआधी मोजायचे, हेही.