पाटीवरचं नाव

धुळ्यातल्या आमच्या मोहल्ल्यात मुलींच्या शाळेला संगणकाची खोली बांधायचं ठरलं, तेव्हा चंद्यापेक्षा पाटीवरच जास्त रात्री गेल्या. एका शेठनी दोन लाख देऊ केले. अट एकच, खोलीला वालिदांचं नाव. यंत्रमागावर काम करणाऱ्या एका चाचांनी पाचशे दिले आणि पावतीही घेतली नाही. बैठकीत कुणीतरी म्हणालं, दान देऊन वर नाव मागणं म्हणजे दिखावा. मीही मान डोलावली. घरी आल्यावर जुनी उदाहरणं आठवू लागलो आणि मत जरा डळमळलं.

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर घ्या. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस भडकला होता, त्या १८६४ सालात प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि मनोऱ्याला आईचं नाव लागलं. पुढच्याच वर्षी तेजी कोसळली, प्रेमचंदही बुडाले. मनोरा मात्र १८७८ मध्ये उभा राहिला. (कापूस पिकवणाऱ्यांची पाटी कुठेच नाही, ते सोडा.)

कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली, तीही आईच्या नावाच्या अटीवर. म्हणून आज आपण श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ म्हणतो. ठाकरसी गेल्यावर अटींवरून त्यांचे विश्वस्त आणि विद्यापीठ यांच्यात वाद झाला, आणि काही काळ पैसे थांबले. नावाचं भांडण कुणी केलं नाही, भांडण झालं ते अटींच्या अर्थावरून.

आपल्या समाजातलं उदाहरण जोगेश्वरीचं. सर मोहम्मद युसूफ यांनी १९१४ मध्ये मुसलमानांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारला आठ लाख दिले. इस्माईल युसूफ कॉलेज सुरू झालं १९३० मध्ये! सोळा वर्षं. नाव पाटीवर आहे, पण पैसे कशासाठी दिले होते हे किती जणांना माहीत आहे? नाव लिहिलं जातं, हेतू लिहिला जात नाही.

आणि आपलं जळगावचं विद्यापीठ? अमळनेरचं प्रताप आणि जळगावचं मूळजी जेठा ही कॉलेजं शेठ लोकांच्या नावांची. पण विद्यापीठाला २०१८ मध्ये नाव मिळालं बहिणाबाई चौधरींचं, जिनं दमडी दिली नव्हती आणि जिला लिहितावाचताही येत नव्हतं. खोली, इमारत देणगीदाराची असू शकते. सगळी संस्था विकत मिळू नये, असं मला तेव्हापासून वाटतं.

पुढच्या बैठकीत मी कागद नेला. नाव खोलीला, शाळेला नाही. खोली पाडली की नाव संपलं. प्रवेशात देणगीदाराचा शब्द नाही. पाटीवर नावाखाली हेतू एका ओळीत. आणि पाचशेवाल्यांची नावंही भिंतीवर. शेठनी प्रवेशाची अट सोडून बाकी सगळं मान्य केलं. त्या एका अटीवर अजून बोलणं चालू आहे.

चाचांना विचारलं तेव्हा आधी नकोच म्हणाले. मग जाताना दारातून वळले. "लिहायचंच असेल, तर माझ्या अम्मीचं लिहा."