खोली मोकळी करून देताना

शिकागो विद्यापीठातल्या जॉर्ज हर्बर्ट जोन्स प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर ४०५ क्रमांकाची एक लहानशी, अरुंद खोली आहे. १० सप्टेंबर १९४२ रोजी बरिस कनिंगहॅम आणि लुई वर्नर या रसायनशास्त्रज्ञांनी तिथे प्लुटोनियमचं ऑक्साइड तोललं. वजन भरलं २.७७ मायक्रोग्रॅम. ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले पावणेतीन. माणसाने घडवलेलं मूलद्रव्य तराजूत घालता येईल इतकं हाती लागण्याची ही पहिलीच वेळ होती. तराजू म्हणजे क्वार्ट्झचा एक अतिसूक्ष्म तंतू. कणाच्या भाराने तो किती वाकतो हे सूक्ष्मदर्शकातून पाहायचं आणि त्यावरून वजन ठरवायचं. या कामाचे प्रमुख ग्लेन सीबोर्ग त्या वेळी अवघे तीस वर्षांचे होते. १९६७ साली या खोलीला अमेरिकेचं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून मान्यता मिळाली.

हा सन्मान मिळाल्यानंतर दहा वर्षांनी, जून १९७७ मध्ये, काही माणसं मोजयंत्रं घेऊन जोन्स प्रयोगशाळेत आली. ती आर्गन राष्ट्रीय प्रयोगशाळेची होती. युद्धकाळातल्या कामाचा काही अवशेष इमारतीत उरला आहे का, हे त्यांना पाहायचं होतं.

२.७७ मायक्रोग्रॅममधून काय उरणार, असं कुणालाही वाटेल. पण हिशेब वेगळंच सांगतो. १९७४ साली अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने जागा मोकळी करण्यासाठी पृष्ठभागाच्या मर्यादा आखून दिल्या. प्लुटोनियम किंवा रेडियमसारख्या द्रव्यांसाठी, साधारण तळहाताएवढ्या म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर जागेत मिनिटाला सरासरी १०० विघटनं चालतील. पुसल्यावर निघून येणारा अंश असेल तर फक्त २०. कनिंगहॅम-वर्नर यांनी तोललेल्या कणातल्या प्लुटोनियममध्ये मिनिटाला तीन लाखांहून अधिक विघटनं होतात. तो कण भुकटी होऊन सारखा पसरला, तर तेहतीस-चौतीस चौरस मीटर जमीन या मर्यादेला जाऊन टेकेल. मुंबईतल्या कितीतरी कुटुंबांचा संसार याहून कमी जागेत चालतो. शिवाय प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य सुमारे २४ हजार वर्षं आहे, म्हणजे नुसतं थांबून हा प्रश्न सुटत नाही.

भाड्याची खोली सोडताना माणूस झाडून काढतो, खिळे उपटतो, भिंतीला चुन्याचा एक हात देतो आणि किल्ली मालकाच्या हाती ठेवतो. किरणोत्सारी द्रव्यांवर काम झालेल्या प्रयोगशाळेला हा रिवाज लागू करायला जगाला जवळजवळ पाऊण शतक लागलं. त्या कामाला आज नाव आहे: जागा ‘अनिर्बंध वापरासाठी मोकळी करणं’. उद्या त्या खोलीत वर्ग भरो, कचेरी येवो की पाळणाघर निघो. तिथल्या माणसाला पूर्वी इथे काय चालायचं हे ठाऊक नसलं तरी त्याच्या जिवाला धोका नको, एवढा त्याचा अर्थ.

या गोष्टीचा आरंभ पॅरिसमध्ये आहे. १८९८ साली पिएर आणि मादाम क्युरी यांनी जुलैत पोलोनियम आणि डिसेंबरात रेडियम शोधल्याचं जाहीर केलं. पुढची चार वर्षं त्या दोघांनी रु लोमाँवरच्या एका शेडमध्ये काढली. पूर्वी तिथे वैद्यकीय विद्यार्थ्यांचं शवविच्छेदन चाले. छप्पर गळकं, हिवाळ्यात गारठा. जोआकिमस्थालच्या खाणीतून आलेला पिचब्लेंड या खनिजाचा गाळ टनावारी उकळून, गाळून, पुन्हा उकळून १९०२ साली हाती लागलं ते ग्रॅमच्या दहाव्या भागाइतकं रेडियम क्लोराइड. रात्री जेवणानंतर दोघं पुन्हा शेडमध्ये जात आणि अंधारात फळ्यांवर मंद उजळणाऱ्या नळ्या पाहत उभे राहत. तो उजेड कपड्यांना, कागदांना, बोटांना लागत होता. मादाम क्युरींच्या वह्या आज फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिशाच्या पेटीत ठेवाव्या लागतात. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं. त्या पानांवर तेव्हा सांडलेल्या रेडियमपैकी सुमारे ९५ टक्के अजून तसंच आहे.

शेड पुढे पाडली गेली. मादाम क्युरी १९१४ साली बांधून झालेल्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये आल्या. पिएर त्याआधीच, १९०६ साली, रस्त्यावरच्या अपघातात गेले होते. नव्या इमारतीजवळच्या बागेत मादाम क्युरींनी गुलाब आणि लिंडनची झाडं लावली. ४ जुलै १९३४ रोजी त्यांचं निधन झालं, तोवर त्यांचं सारं काम इथेच चाललं. पुढे त्यांची कन्या इरेन आणि जावई फ्रेडरिक जोलिओ यांनीही ही संस्था सांभाळली. इरेन १९५६ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. मादाम क्युरींची खासगी प्रयोगशाळा लोकांना दाखवावी असं ठरलं, तेव्हा आधी ती धुऊन-खरवडून घ्यावी लागली. ते काम १९८१ साली झालं. आज तिथे संग्रहालय आहे, शाळेची मुलं येतात, काचेच्या भांड्यांसमोर उभं राहून फोटो काढतात.

पॅरिसच्या दक्षिणेला आर्क्यी नावाचं उपनगर आहे. १९३० च्या दशकाच्या आरंभी याच संस्थेने तिथे एक जागा उभारली. मोठ्या प्रमाणावर खनिज शुद्ध करायचं काम शहराच्या मध्यात करणं सोयीचं नव्हतं, म्हणून ते गावाबाहेर नेलं. मादाम क्युरींनंतरही काही दशकं तिथे काम चालू राहिलं आणि १९७८ साली थांबलं. पण ती जागा मोकळी झाली नाही. भिंत, काटेरी तारा, आत रिकाम्या खोल्या, आणि अनेक दशकं लांबलेली सफाई. एकाच संस्थेच्या दोन जागा: एकीत सहली येतात, दुसरीत संरक्षक कपडे घातल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही.

फरक नुसत्या रेडियमच्या प्रमाणाचा नाही. रेडियमपासून रेडॉन वायू सुटतो. तो फटींतून, नळांतून, लाकडाच्या रेषांतून फिरतो आणि जिथे विघटित होतो तिथे त्याची घन ‘संतती’ बसते. त्यातल्या शिसे-२१० चं अर्धायुष्य २२ वर्षं. त्यामुळे ज्या खोलीत रेडियमची कुपी कधी उघडलीच नाही, तिथली भिंतसुद्धा यंत्राला प्रतिसाद देते. जिथे टनावारी माल उकळला, तिथे तो फरशीखाली आणि मातीत उतरलेला असतो.

मँचेस्टरमध्ये प्रश्न वेगळ्या वाटेने पुढे आला. अर्नेस्ट रुदरफर्ड १९०७ ते १९१९ या काळात तिथल्या विद्यापीठात होते. गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या वर्खावर अल्फा कण सोडले ते इथे, अणूला केंद्रक असल्याचं १९११ साली मांडलं गेलं तेही इथलंच काम. १९६० च्या दशकात भौतिकशास्त्र विभाग नव्या इमारतीत गेला आणि कूपलँड स्ट्रीटवरच्या जुन्या इमारतीत मानसशास्त्राचे प्राध्यापक बसू लागले. इमारतीत रुदरफर्ड यांच्या काळातले किरणोत्सारी अवशेष आणि सांडलेला पाराही होता. तिथे काम केलेल्या काही जणांचा कर्करोगाने मृत्यू झाल्यावर २००८ च्या सुमारास चिंता उघडपणे बोलली जाऊ लागली. साउदॅम्प्टनचे प्राध्यापक डेव्हिड कॉगन यांनी स्वतंत्र चौकशी केली. हे मृत्यू इमारतीतल्या अवशेषांमुळे झाले असण्याची शक्यता कमी आहे, असा निष्कर्ष त्यांनी २००९ साली दिला. निष्कर्ष दिलासा देणारा होता. तरी आपण कोणत्या खोलीत बसतो हे कळायला तिथल्या लोकांना इतकी वर्षं लागावीत, ही गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही.

जुन्या लोकांना दोष देणं सोपं आहे. पण ‘स्वच्छ’ या शब्दाचा अर्थच तेव्हा वेगळा होता. किरणोत्सारापासून संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय समिती नेमली गेली ती १९२८ साली, स्टॉकहोममध्ये. १९३४ मध्ये अमेरिकेत कामगारांसाठी दिवसाला ०.१ राँटजेन ही सहन होण्याजोगी मात्रा मानली गेली. आजच्या मापात ती साधारण एक मिलिसिव्हर्ट होते. आज सामान्य नागरिकासाठी एवढीच मर्यादा आहे, मात्र दिवसाची नव्हे, अख्ख्या वर्षाची. युद्ध संपल्यावर अणुबॉम्बसाठीच्या मॅनहॅटन प्रकल्पाच्या जागा त्या वेळच्या मापांनुसार साफ करून मालकांना परत दिल्या गेल्या. मापं कडक झाली तशी त्या जागांकडे पुन्हा जाणं भाग पडलं. १९७४ साली अमेरिकेने त्यासाठी खास कार्यक्रम सुरू केला, आणि आर्गनची माणसं शिकागोत आली ती त्याच कार्यक्रमाखाली. रायर्सन, एकहार्ट, केंट आणि जोन्स या इमारतींत काही ठिकाणी जुने डाग सापडले. १९८० च्या दशकात ते काढले गेले आणि त्या जागा अनिर्बंध वापरासाठी मोकळ्या झाल्या.

हे काम प्रत्यक्षात चालतं कसं? सुरुवात यंत्राने होत नाही, कागदांनी होते. कोणत्या खोलीत कोणतं द्रव्य, किती, कोणत्या साली. काय सांडलं, कुठे पुसलं. परवान्यात काय लिहिलं आहे. निवृत्त तंत्रज्ञाला काय आठवतं. मग त्याच बांधणीची, पण किरणोत्सारी काम कधीच न झालेली दुसरी खोली मोजतात, कारण वीट आणि ग्रॅनाइट यांचा स्वतःचा थोडा किरणोत्सार असतोच आणि तो वजा करावा लागतो. नंतर जमिनीवर आणि भिंतींवर चौकटी आखून प्रत्येक चौकट तपासायची. प्लुटोनियमचे अल्फा कण साध्या कागदानेही अडतात, म्हणून मोजयंत्र पृष्ठभागापासून काही मिलिमीटरवर धरून अगदी सावकाश सरकवावं लागतं. भिंतीला नंतर दिलेला रंगाचा एक हातसुद्धा खालचा डाग लपवू शकतो. भाड्याच्या खोलीत जो शिष्टाचार, तो इथे धोका ठरतो. गोल कागदाने ठरावीक जागा पुसून तो कागद वेगळा मोजतात. चिकटून बसलेलं आणि हाताला लागणारं, या दोहोंतला फरक त्यातून कळतो.

मोरीचा नळ, फ्यूम हूडची धुराडी, फरशांमधल्या सांधी, टेबलाच्या खालची बाजू, दाराची मूठ: अनुभवी माणूस आधी इथे पाहतो. डाग पुसून गेला तर ठीक, नाही तर काँक्रीटचा वरचा थर खरवडायचा, लाकूड असेल तर फळी काढायची, आणि निघालेला कचरा मोजून, नोंदवून, डब्यांत बंद करून पाठवायचा. इतिहासप्रेमी माणसाला इथे यातना होतात. ज्या टेबलावर मोठा शोध लागला तेच टेबल बहुधा सर्वांत आधी उचलावं लागतं.

१९९७ हे वर्ष या कामात महत्त्वाचं ठरलं. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने त्या साली परवाना संपवण्याचा नियम ठरवला: मोकळ्या केलेल्या जागेतल्या उरलेल्या किरणोत्सारामुळे तिथल्या माणसाला वर्षाला २५ मिलिरेमपेक्षा, म्हणजे पाव मिलिसिव्हर्टपेक्षा, जास्त मात्रा मिळता कामा नये, आणि शक्य असेल तर ती याहूनही खाली आणावी. माती, खडक, हवा आणि आकाश यांतून जगातल्या प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. त्याच्या जवळपास दहाव्या हिश्शाची ही मर्यादा. त्याच साली चार सरकारी खात्यांनी मिळून मोजणीची समान पद्धत प्रसिद्ध केली. तोवर प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने मोजत होता.

शिकागोजवळच्या जंगलात या इतिहासाचा दुसरा शेवटही पाहायला मिळतो. २ डिसेंबर १९४२ रोजी स्टॅग फील्ड मैदानाच्या प्रेक्षक-गॅलरीखाली चाललेली पहिली अणुभट्टी १९४३ मध्ये सुटी करून तिथे नेली आणि नव्याने जुळवली. काम संपल्यावर १९५६ साली तिथल्या भट्ट्यांचे अवशेष जमिनीत पुरले. आज त्यावर गवत आहे आणि एक ग्रॅनाइटचा दगड. जवळच किरणोत्सारी कचरा पुरलेल्या जागेवर दुसरा दगड आहे. इथे खणू नका, असं त्यावर कोरलं आहे. लोक तिथे फिरायला जाऊ शकतात, पण जमिनीवरचं बंधन कायम आहे. अनिर्बंध म्हणजे काय, हे त्या दगडाशेजारी उभं राहिलं की नीट कळतं.

भारताला हा धडा २०१० साली मिळाला. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात गॅमा किरणांचं एक उपकरण १९८५ पासून वापराविना पडून होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगार म्हणून लिलावात गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं गेलं आणि आतला कोबाल्ट-६० उघडा पडला. एप्रिलमध्ये माणसं आजारी पडली. त्यातल्या एकाचा जीव गेला. मुंबईच्या अणुशक्तीनगरमधलं अणुऊर्जा नियामक मंडळ आणि भाभा अणुसंशोधन केंद्र यांच्या तज्ज्ञांना दुकानादुकानांतून ते तुकडे शोधून काढावे लागले. विभागाच्या नोंदींतून आणि माणसांच्या आठवणींतून ते उपकरण ‘किरणोत्सारी’ म्हणून आधीच पुसलं गेलं होतं.

महाराष्ट्रातही जुनी महाविद्यालयं आहेत, जुनी रुग्णालयं आहेत, आणि त्यांच्या भांडारांत कुलूपबंद कपाटं आहेत. विभागप्रमुख निवृत्त होतात, इमारती हस्तांतरित होतात, किल्ल्या नव्या हाती जातात. अशा वेळी सामानाच्या यादीत किरणोत्सारी स्रोत किंवा यंत्र आढळलं, किंवा नुसती शंका आली, तरी ते हलवू नये, उघडू नये आणि लिलावात तर मुळीच काढू नये. आधी अणुऊर्जा नियामक मंडळाला लेखी कळवावं, आणि जुनी नोंदवही कितीही फाटकी असली तरी जपून त्यांच्या हाती द्यावी.