आधी फाईल, मग माऊस

१९९०च्या दशकात लिनक्स बसवायला घेतलं की एका प्रश्नापाशी अनेकांचं घोडं अडे: तुमचा माऊस कोणत्या प्रोटोकॉलचा? उत्तर चुकलं, की पडद्यावरचा बाण कोपऱ्यात जाऊन बसे, नाहीतर सैरावैरा उड्या मारी.

प्रश्न विचारणं भागच होतं. सीरियल पोर्टवरून येत नुसते बाइट; मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत हालचालीचा एक निरोप तीन बाइटचा, तर माऊस सिस्टिम्सच्या पद्धतीत पाच बाइटचा. म्हणून एक्सफ्री८६ या ग्राफिक्स सर्व्हरच्या 'एक्सएफ८६कॉन्फिग' फाईलमध्ये पोर्ट आणि प्रोटोकॉल दोन्ही हाताने लिहावे लागत.

बटणांचीही पंचाईत होती. एक्सफ्री८६ ज्यावर उभा होता ती, एमआयटीमध्ये १९८४ साली जन्मलेली 'एक्स' प्रणाली तीन बटणांच्या माऊसवर वाढली. निवडलेला मजकूर मधल्या बटणाने चिकटवायचा, ही तिथली रीत. पीसीच्या बहुतेक माऊसना बटणं दोनच. त्यावर 'इम्युलेट३बटन्स' ही ओळ निघाली: डावं-उजवं एकदम दाबा, मधलं दाबलं असं समजलं जाईल.

मग १९९६ साली मायक्रोसॉफ्टचा इंटेलीमाऊस आला, चाक घेऊन. पीएस/२ पोर्टवर त्याचं चाक जागं करायची युक्ती मजेशीर होती. ड्रायव्हर माऊसला नमुन्यांचा वेग आधी २००, मग १००, मग ८० ठेवायला सांगे आणि लगेच ओळख विचारे. साधा माऊस उत्तर देई ०, चाकवाला ३. त्यानंतर चाकवाल्याचा निरोप तीनऐवजी चार बाइटचा होई. पण एक्सकडे चाकासाठी जागाच नव्हती. तेव्हा 'झेडअॅक्सिसमॅपिंग'च्या ओळीत ४ आणि ५ लिहून चाक वर फिरवणं म्हणजे चौथं बटण, खाली म्हणजे पाचवं, असं ठरवून टाकलं गेलं.

२००४ साली परवान्याच्या वादातून बहुतेकांनी एक्सफ्री८६ सोडून एक्स.ऑर्गची वाट धरली. दरम्यान लिनक्सच्या कर्नलने माऊसची भाषा स्वतःच उलगडायला घेतली होती. कर्नलच्या 'इव्हडेव्ह' या व्यवस्थेमुळे वरच्या ड्रायव्हरला आयत्या, एकसारख्या घटना मिळू लागल्या. २०१० साली एक्स सर्व्हर १.८ने जोडलेली उपकरणं हुडकण्याचं काम 'युडेव्ह'कडे सोपवलं. वापरणाऱ्याने आता अख्खी फाईल लिहायची नव्हती. काही बदलायचं असेल तेवढ्याच चार ओळी xorg.conf.d या फोल्डरमध्ये वेगळ्या ठेवल्या की भागे.

एक्सची जागा घेणाऱ्या वेलँड या नव्या प्रणालीसाठी घडलेल्या 'लिबइनपुट'ची १.० आवृत्ती २०१५ साली आली आणि हाच ड्रायव्हर एक्सवरही रुळला. त्याने माऊसचा वेग उणे एक ते एक एवढ्या एकाच मापात बसवला. १००० डीपीआय (माऊस इंचभर सरकला की होणाऱ्या नोंदी) हा त्याचा पाया; एखाद्या माऊसचा डीपीआय वेगळा असेल तर तो युडेव्हच्या सामायिक यादीत नोंदवता येतो. जुन्या ड्रायव्हरमध्ये वेगवाढीचे आकडे मनासारखे जुळवणाऱ्यांना हे फारसं रुचलं नाही. वेलँडवर तर त्यांची xorg.conf.d मधली ओळ कुणी वाचतच नाही. तिथे माऊसचा वेग ग्नोम, केडीई यांसारख्या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमधूनच बदलावा लागतो.