हस्तचालित घुसळण व धुलाई यंत्रे

हाताने फिरवायच्या, ढकलायच्या किंवा झुलवायच्या दांड्याची चाल घेऊन ती लोणी काढण्याच्या पिंपातील पात्यांपर्यंत अथवा कपडे धुण्याच्या टबातील खुंट्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या घरगुती यंत्ररचना. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोपात आणि पुढे उत्तर अमेरिकेत त्या बनू लागल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील शेतकरी घरांत त्यांचा बहर होता आणि खेड्यांत वीज पोहोचल्यावर त्या मागे पडल्या. घुसळणे आणि धुणे ही कामे घरात एकमेकांपासून लांबची. पण यंत्र करणाऱ्याच्या दृष्टीने दोन्हींची गरज एकच होती. द्रवाने भरलेल्या भांड्यात काहीतरी ठरावीक लयीने, बराच वेळ न थांबता हलत राहिले पाहिजे. म्हणून एकच कारागीर दोन्हीकडे हात घालताना दिसतो आणि अमेरिकी पेटंटांत ‘घुसळण व धुलाईचे जोडयंत्र’ अशी शीर्षकेही आढळतात. सांगाडा व हँडल सामाईक ठेवून भांडे बदलणे, हा त्यातला शहाणपणाचा प्रकार. एकाच पिंपात सकाळी मलई आणि दुपारी साबणाचे पाणी ही कल्पना मात्र कोणा गृहिणीला रुचली असेल असे वाटत नाही.

जाहिरातींत या यंत्रांची भाषा श्रम नाहीसे करण्याची असे. ती तपासून घ्यावी लागते. दंतचक्र, तरफ किंवा प्रचक्र (वेग साठवून ठेवणारे जड चाक) यांतले काहीही नवी शक्ती निर्माण करत नाही. उलट दिलेल्या शक्तीतला काही भाग घर्षणात खाते. दिवसभर राबणारा धडधाकट माणूस सरासरी ७५ वॅटच्या आसपास शक्ती देतो, म्हणजे ७४६ वॅटच्या एका अश्वशक्तीचा जेमतेम दहावा हिस्सा. नुसत्या हातांनी काम करायचे तर तेवढीही मिळत नाही. यंत्राच्या हाती उरते ते या तुटपुंज्या शक्तीचे नियोजन : जोर कोणत्या स्नायूंनी लावायचा, कोणत्या वेगाने आणि कोणत्या दिशेने. मनगट व बोटांवरचा भार खांद्यावर आणि पाठीवर गेला, वाकून करायचे काम ताठ उभे राहून किंवा बसून होऊ लागले, हात उकळत्या पाण्याबाहेर राहिले. या यंत्रांचे खरे श्रेय इथेच आहे.

घुसळणीचे काम रसायनापेक्षा आदळआपटीचे आहे. मलईतील स्निग्धांशाचा प्रत्येक थेंब पातळ आवरणात बंद असतो. सतत हिसके बसले की आवरणे फाटतात, थेंब एकमेकांना चिकटतात, लोण्याची कणी धरते आणि ताक सुटते. मलई साधारण १२ ते १८ अंश सेल्सिअस असेल तर अर्ध्या तासात काम उरकते. ती फार थंड असेल तर घुसळून घुसळून हात भरून येतात आणि लोणी येत नाही. फार उष्ण असेल तर ते मऊ पडते आणि बराच स्निग्धांश ताकाबरोबर जातो. काही मिनिटांत लोणी काढून देण्याची हमी देणारी यंत्रे अमेरिकेच्या बाजारात वारंवार आली. तापमान संभाळण्याऐवजी नुसता वेग वाढवल्याने जे व्हायचे तेच त्यांचे झाले.

युरोप-अमेरिकेतील सर्वांत साधी घुसळणी म्हणजे लाकडी फळ्यांचे उभे, वर निमुळते होत गेलेले पिंप. झाकणाच्या भोकातून दांडा आत जातो, त्याच्या टोकाला लाकडी फुली किंवा भोके पाडलेली चकती असते आणि दांडा दोन्ही हातांनी वरखाली करायचा. यात यंत्र असे काही नाही. शोधकांनी या दांड्याला तरफ जोडली, भुजा व जोडदांडा लावून चाकाच्या फेऱ्याची वरखाली चाल केली, इतकेच काय तर झुलत्या खुर्चीला घुसळणी जोडण्याचेही पेटंट घेतले, म्हणजे बसल्या बसल्या, मांडीवर मूल असतानाही लोणी निघावे. हातांनाही सुट्टी देण्यासाठी कुत्रा, मेंढी किंवा बोकड यांना उतरत्या फळीपट्ट्यावर चालवून घुसळणी फिरवण्याची सोय अनेक शेतांवर होती. घुसळण्याच्या दिवशी कुत्रा कुठेतरी दडून बसतो, हा त्या काळचा नेहमीचा विनोद.

दुसऱ्या प्रकारात पातेच नसते. आडव्या आसावर बसवलेले पिंप हँडलने टोकावर टोक असे उलटते आणि मलई आपल्याच वजनाने एका टोकाकडून दुसरीकडे आदळते. हा प्रकार इंग्लंडच्या दुग्धशाळांत फार चालला, कारण आत दांडे नसल्याने पिंप घासून स्वच्छ करणे सोपे होते. व्हरमाँटमधील बेलोज फॉल्स येथील व्हरमाँट फार्म मशीन कंपनीची डेव्हिस घुसळणी याहून साधी : टांगलेली पेटी नुसती पुढेमागे झुलवायची. तिसरा प्रकार आज जुन्या वस्तूंच्या दुकानांत सर्वाधिक दिसतो. सेंट लुईसच्या डेझी कंपनीची ही काचेची चौकोनी बरणी. तिच्या झाकणावरच दंतचक्रे आणि हँडल बसवलेले, खाली बरणीत लाकडी पाती. हँडलाच्या एका फेऱ्यात पाती अनेक फेरे घेतात आणि कणी कधी धरली ते काचेतून दिसते. बरणीवर पुष्कळदा १४ फेब्रुवारी १९२२ ही पेटंटाची तारीख उठवलेली असते. घरात एखाद-दुसरीच गाय असणाऱ्यांसाठी ती होती, आणि या साऱ्या पसाऱ्यात तिच्याइतके नेटके यंत्र दुसरे नाही.

महाराष्ट्रातील रवी या सर्वांहून कितीतरी जुनी, आणि चालीच्या दृष्टीने अधिक सुटसुटीत. घुसळखांबाला अडकवलेल्या रवीला दोराचे वेढे द्यायचे आणि दोन टोके आळीपाळीने ओढायची. हातांची सरळ ओढ उभ्या आसाभोवतीच्या उलटसुलट फिरण्यात बदलते, आणि तीही एकाही दात्याशिवाय. डेऱ्यात मलईऐवजी विरजलेले दही असते, एवढा पदार्थाचा फरक. दिशा दर ओढीला आपोआप पालटते, हा रवीचा गुण लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पाश्चात्त्य धुलाई यंत्रांच्या शोधकांना नेमक्या याच गोष्टीने शंभर वर्षे छळले.

टबात खुंट्या लावलेली चकती एकाच दिशेने फिरवत राहिले तर थोड्याच वेळात पाणी, कपडे आणि खुंट्या सगळेच एकत्र फिरू लागतात. घासणे थांबते आणि कपड्यांचा पीळ होतो. म्हणून दर अर्ध्या-पाऊण फेऱ्याला दिशा उलटली पाहिजे. उलट, फिरवणाऱ्या हाताला सोयीची चाल एका दिशेची : भुजा गोल फिरवत राहायची आणि ती मृतबिंदूपाशी, म्हणजे जोर लावूनही जिथे वळत नाही त्या जागी, अडू नये म्हणून सोबत एक जड प्रचक्र ठेवायचे. प्रचक्राचा साठलेला वेगही एकदिशीच. या दोन गरजा जुळवण्यात शोधकांची सगळी बुद्धी खर्ची पडली. सर्वांत स्वस्त तोड म्हणजे दिशा उलटण्याचे काम हातावरच सोपवणे : लांब तरफ पुढेमागे ढकलायची आणि तिच्या टोकाच्या अर्धवर्तुळाकार दंतपट्टीने चकती फिरवायची. दुसरी तोड म्हणजे भुजेला दंतपट्टी जोडणे. भुजा गोल फिरते, पट्टी मागेपुढे सरकते आणि तिच्यात अडकलेले दंतचक्र उलटसुलट फिरते. तिसरी अधिक चतुर आहे. एका चाकाच्या तोंडावर जवळजवळ पूर्ण वर्तुळभर खुंट्या असतात. लहान दंतचक्र त्यांच्या बाहेरच्या बाजूने चालत शेवटच्या खुंटीशी येते, तिला वळसा घालून आत शिरते, आणि मोठे चाक उलटे फिरू लागते. हे चाक कपडे दाबण्याच्या मोठ्या रुळांसाठी वापरले जाई आणि यंत्रशास्त्राच्या पुस्तकांत ते ‘मँगल चाक’ म्हणूनच नोंदले गेले. हेन्री टी. ब्राउन याने १८६८ मध्ये ५०७ यांत्रिक चालींचा सचित्र संग्रह प्रसिद्ध केला, त्यातही ते आहे. परसातल्या धुण्याने यंत्रशास्त्राला दिलेली ही भेट फारशी कोणाला ठाऊक नसते.

धुलाई यंत्राचा इतिहास सांगताना सहसा काही नावे ओळीने येतात. जर्मनीतील रेगेन्सबुर्गचा धर्मोपदेशक व निसर्गशास्त्रज्ञ याकोब ख्रिस्तिआन शेफर याने १७६७ च्या सुमारास हँडलने ढवळण्याच्या टबाचे वर्णन प्रसिद्ध केले. इंग्लंडमध्ये हेन्री सिजियर याला १७८२ मध्ये फिरत्या पिंजऱ्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले. अमेरिकेत न्यू हॅम्पशरच्या नॅथॅनिएल ब्रिग्ज याचे १७९७ चे पेटंट पहिले मानतात. पण १५ डिसेंबर १८३६ रोजी तेथील पेटंट कार्यालयाला लागलेल्या आगीत जुनी कागदपत्रे जळाली आणि ब्रिग्जचे यंत्र कसे होते हे कळायचा मार्ग उरला नाही. जेम्स किंग याने १८५१ मध्ये पिंपाच्या आत फिरणाऱ्या पिंपाची रचना केली आणि पिट्सबर्गच्या हॅमिल्टन स्मिथ याने १८५८ मध्ये फिरत्या पिंपाचेच आणखी एक यंत्र नोंदवले. इंडियानातील ब्लफ्टन येथील विल्यम ब्लॅकस्टन याने १८७४ मध्ये पत्नीला वाढदिवसाची भेट म्हणून लाकडी टबाचे यंत्र करून दिले असे सांगतात. कथा गोड आहे. धुणे कोणी धुवायचे, हा प्रश्न तिच्यात कोणाला पडलेला दिसत नाही.

इंग्लंडमध्ये आधीपासून लहान तिवईसारख्या पायांचा दांडा टबात हाताने फिरवण्याची रीत होती. पुढे अमेरिकी यंत्रांत झाकणाखाली जी खुंट्यांची चकती आली ती त्याच दांड्याची यांत्रिक आवृत्ती. सॅल्फर्डच्या थॉमस ब्रॅडफर्ड कंपनीने १८६० नंतर अष्टकोनी लाकडी पेटी हँडलने उलटवण्याची यंत्रे विकली. त्यांना इंग्रजी स्वरांची नावे होती आणि वर पिळण्याचे रूळ बसवलेले असत. हीच कंपनी उलटणाऱ्या घुसळण्याही बनवी. धुण्याची पेटी आणि लोण्याचे पिंप यांत फिरण्याची चाल एकच, हे तिच्याकडे पाहिले की पटते.

माझ्या मते या सगळ्या सामग्रीत सर्वांत उपयोगी ठरले ते पिळणयंत्र, आणि कौतुक मात्र त्याचे सर्वांत कमी झाले. दोन रूळ, वरून दाब देणारा स्क्रू किंवा स्प्रिंग आणि बाजूला हँडल, इतकेच. इथे दिशा उलटण्याची भानगड नाही, वेगाची घाई नाही. ओली चादर हाताने पिळण्याला जो जोर लागतो तो दंतचक्रांनी सहज हलका होतो. कॅनडातील सेंट जॉन येथील जॉन टर्नबुल याने १८४३ मध्ये पिळण्याचे रूळ बसवलेल्या धुलाई यंत्राचे पेटंट घेतले. पुढे रबराचे रूळ आले आणि बटणे फुटण्याच्या तक्रारी कमी झाल्या, बोटे सापडण्याच्या नव्हे. वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीय घरकामगार एलेन एग्लिन हिने पिळणयंत्राची एक रचना शोधली आणि १८८८ मध्ये तिचे हक्क १८ डॉलरला विकले. काळ्या बाईचे नाव कळले तर गोऱ्या बायका यंत्र घेणार नाहीत, असे कारण तिने दिल्याची नोंद त्या काळच्या एका स्त्री-नियतकालिकात आहे.

हँडल फिरवायचे कोणी, हा प्रश्न यंत्राच्या आराखड्यात कधीच नसे. प्रत्यक्षात ते मुलांच्या, मोलकरणीच्या आणि बहुतेक वेळा घरच्या बाईच्याच वाट्याला येई. आयोवातील न्यूटन येथे शेतीअवजारे बनवणाऱ्या मेटॅग कंपनीने हंगाम नसतानाचे दिवस भरून काढायला १९०७ मध्ये ‘पास्टाइम’ म्हणजे ‘करमणूक’ नावाचे हातयंत्र काढले. पुढच्या यंत्राचे नाव ‘हायर्ड गर्ल’, म्हणजे सरळ ‘मोलकरीण’. पाणी भरणे, तापवणे, ओतणे ही धुण्यातली जड कामे यांपैकी एकाही यंत्राने केली नाहीत. रूथ श्वार्ट्झ काउअन यांनी १९८३ मधील ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात दाखवले आहे की घरगुती यंत्रांनी पुरुषांची आणि मुलांची कामे आधी कमी केली, गृहिणीची नव्हे. हातयंत्रांच्या बाबतीत हे विधान अगदी चपखल बसते.

हातयंत्रांचा शेवट दोन वाटांनी झाला. लोणी घराबाहेर गेले : स्वीडनच्या गुस्टाफ द लावाल याने १८७८ मध्ये सतत चालणारा मलई विलगक तयार केला, आणि त्याच्या हातचालित आवृत्त्या आल्यावर शेतकरी घरी फक्त मलई काढून ती लोण्याच्या कारखान्याला विकू लागला. गंमत अशी की दंतचक्रांनी वेग वाढवण्याची कला या विलगकात शिगेला पोहोचली. मिनिटाला साठेक फेऱ्यांच्या हँडलवर त्याचे भांडे काही हजार फेरे घेते. धुणे मात्र घरातच राहिले आणि त्याला मोटर लागली. शिकागोच्या हर्ली कंपनीचे १९०८ चे ‘थॉर’ हे विजेवरचे पहिले यंत्र म्हणून सांगितले जाते, पण विजेच्या धुलाई यंत्रांच्या जाहिराती त्याआधीच येऊ लागल्या होत्या. वीज नसलेल्या शेतघरांसाठी मेटॅगने १९१४ च्या सुमारास पेट्रोलचे छोटे इंजिन बसवले. अमेरिकी सरकारने १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाची योजना सुरू केली तेव्हा दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती, म्हणून हातयंत्रे त्यानंतरही काही वर्षे टिकली. विजेच्या तारा घरात न घेणाऱ्या आमिश पंथीयांत रुळांची धुलाई यंत्रे इंजिनावर आजही चालतात.

अलीकडे हा विषय पुन्हा अभियंत्यांकडे आला आहे. केरळमधील रेम्या जोस या शाळकरी मुलीने सायकलच्या पायट्यांवर चालणारे धुलाई यंत्र केले आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्याची दखल घेतली. हाताऐवजी पाय वापरण्याचा तिचा निर्णय बरोबर आहे, कारण मांडीचे स्नायू दंडाहून कितीतरी जास्त शक्ती देतात. ब्रिटिश अभियंता नवज्योत सॉनी तमिळनाडूतील कुइलापालयम येथे राहत असताना शेजारणीचे धुण्याचे कष्ट पाहून हँडलने फिरणाऱ्या पिंपाच्या यंत्राकडे वळले, आणि यंत्राला त्यांनी तिचेच नाव दिले : ‘दिव्या’. ही यंत्रे इराकमधील निर्वासितांच्या छावण्यांतही देण्यात आली. रचना जेम्स किंगच्या पिंपाच्याच कुळातली आहे. फरक असा की हिच्यात धुणे आणि पाणी निथळवणे एकाच पिंपात होते. पाणी मात्र अजूनही बाईलाच भरून आणावे लागते.