ज्याचं त्याचं पाणी



पाणचक्कीच्या हौदातले मासे बघून मुलाने हट्टाने घरी फिशटँक आणला. पर्युषणाआधी मी घरासोबत तोही लख्ख केला. खडे नळाखाली चोळून धुतले, सगळं पाणी बदललं. तिसऱ्या दिवशी दोन मासे गेले. प्रतिक्रमणाला बसले तर तेच डोळ्यांसमोर.

मग वाचत गेले. १८५० मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टनने गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून, पाणी न बदलता मासे जगवून दाखवले. १८९० च्या सुमारास व्हिनोग्राड्स्कीने अमोनिया पचवणारे जिवाणू मातीतून वेगळे काढले. असेच जिवाणू टाकीतल्या खड्यांना चिकटून राहतात आणि माशांच्या मलमूत्राचं विष उतरवतात. नळाच्या क्लोरिनने मी तेच मारले होते.

माझी आजी विहिरीचं पाणी गाळायची आणि गाळण्यातली जिवाणी त्याच विहिरीत अलगद सोडायची. ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात. एवढं ठाऊक असून मी विसरले!

आता मांडणी बदलायची तर टाकीतलंच पाणी बादलीत काढून मासे त्यात ठेवते, खडे त्यातल्याच थोड्या पाण्यात खंगाळते आणि बरंचसं जुनं पाणी परत ओतते. आहेत ते मासे सांभाळायचे, नवे मात्र आणायचे नाहीत, असा नियम घेतलाय.